दादासाहेब फाळके : चित्रपटाची घडण आणि आत्मकथन

'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाच्या निर्मितीची कथा आज सर्वपरिचित आहे. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या मराठी चित्रपटाने तिला नाट्यरूपही दिले. तथापि या कथेचा एक प्रमुख आधार खुद्द फाळक्यांचे मराठी गद्य होय, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतल्यावर छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातील नोकरी आणि मुद्रण असे व्यवसाय त्यांनी केले. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात, हा ध्यास त्यांना लागला. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले व यंत्रसामग्री जमवून परतले. दादरला चित्रीकरण सुरू झाले. स्त्री-भूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून तारामती अण्णा साळुंके यांनी साकारली. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा. पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कामातही सहभागी होत्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

ख्रिस्तपटाचा तो प्रसंग फाळक्यांनी 'नवयुग' मासिकातील 'भारतीय चित्रपट' या लेखमालेत (१९१७-१८) सांगितला आहे. प्रत्यक्ष घटना व लेखन यांत सहा-सात वर्षांचे अंतर आहे. लेखनकाळी ते यशस्वी, पण भांडवलाच्या शोधात होते. १९१८ मध्येच भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. त्यामुळे या लेखांत आठवणीइतकेच आवाहनही आहे. व्यक्तिगत धडपडीला स्वदेशी उद्योगाच्या कथेचा आकार तेथेच मिळाला. हे ध्यानी न घेता त्यांतील तपशील केवळ वृत्तांत म्हणून स्वीकारणे चरित्रकारास परवडणारे नाही.

पुढे भागीदारांशी न जुळल्याने फाळके काशीस गेले. तेथे त्यांनी समकालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

निर्मितीचे नाट्य यशाशी थांबते; त्यानंतरची तीन दशके मात्र त्यात मावत नाहीत. त्या काळातील लेखक फाळके मराठी आत्मपर गद्याच्या इतिहासातही विचारात घ्यावे लागतात.