बाळ कोणावर गेले?

बारशाला जमलेल्या बायका पाळण्यातल्या बाळाच्या नाकाडोळ्यांची वाटणी पाच मिनिटांत करून मोकळ्या होतात. नाक आजोबांचे, रंग मावशीचा! आमच्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. पण कुणाचे घारे डोळे कुणाकडे गेले, हे काही त्या वह्या सांगत नाहीत. वारशाने माणसाला नेमके काय मिळते, या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा केला तो इरावती कर्वे यांनी. ‘युगान्त’मुळे त्या घरोघर पोचल्या, त्यांचा मूळ विषय मात्र मानववंशशास्त्र.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वडील गणेश हरी करमरकर यांनी लेकीला सातव्या वर्षी शिकायला पुण्याच्या हुजूरपागेत धाडले. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मग मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवरचा प्रबंध आणि महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी विवाह.

१९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व आहे, असा या गृहस्थांचा होरा. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानपणा सगळीकडेच होता, त्याचा वंशाशी काही संबंध लागेना. परदेशात एकटी आलेली विद्यार्थिनी, पदवी गुरूच्या हातात. तरीही आकडे जे बोलले तेच त्यांनी लिहिले. पदवीही मिळाली. पुढे याच संस्थेतले शास्त्रज्ञ नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणाला हातभार लावू लागले, हे आठवले की त्या प्रबंधाचे मोल कळते.

१९३९ पासून बाई डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव हिंडून त्यांनी माणसांची मापे घेतली, नातीगोती टिपली. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. मामाची मुलगी करण्याची चाल दक्षिणेत आहे, उत्तरेत ती निषिद्ध, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर, हे त्यांनी उलगडून दाखवले.

या चालीचा दुसरा हिशेब मेंडेलने १८६६ साली दाखवलेल्या वाटेने करता येतो. समजा, आजीच्या अंगात एखाद्या रोगाचा सुप्त दोष आहे. तो मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, नातवाकडे पाव. आते-मामे भावंडांचे लग्न झाले, तर दोघांकडेही तो असण्याची शक्यता सोळात एक. दोघांकडे असला, तरच त्यांच्या बाळाला दुहेरी दोष मिळू शकतो, तोही चारांत एकदा. म्हणजे एकूण चौसष्टात एक. दुर्मिळ रोगाच्या बाबतीत परक्या घरातल्या जोडप्याचा धोका याहून पुष्कळच कमी. थॅलेसेमियाचा सुप्त दोष नवराबायको दोघांतही असेल, तर नात्यातले असोत वा नसोत, प्रत्येक बाळंतपणाला चारांत एक हा धोका नव्याने उभा राहतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असे होत नाही. माझी नोकरी बँकेत कर्जाची जोखीम पाहण्यात गेली. जोखीम म्हणजे निकाल नव्हे, पण ती आधी विचारायची असते, एवढे तिथे शिकलो. पत्रिका जुळवताना रक्ताची तपासणीही करावी ती याचसाठी. घाऱ्या डोळ्यांचा हिशेब मात्र इतका सोपा नाही. त्यात अनेक जनुकांचा हात असतो.

१९६८ मध्ये बाईंनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एकच, पण शारीरिक लक्षणांत त्या एकमेकींहून वेगळ्या निघाल्या. समाजाने दिलेली पायरी आणि रक्ताचे नाते या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेच यातून दिसले. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात बाई गेल्या.

बाळाचे नाक कोणाचे, यावर बायकांनी खुशाल वाद घालावा. वारसा शक्यता सांगतो. माणसाची लायकी ठरवणे त्याच्या हाती नाही. बर्लिनमध्ये तेवीस-चोवीस वर्षांच्या एका मराठी मुलीने हे मोजून दाखवले होते.