रक्तासाठी पाणी मोजणारा डॉक्टर

मुंबई-गोवा महामार्गाने गोव्याकडे जाताना चिपळूण मागे पडले की सावर्डे लागते. गावालगत डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आहे. येथे काय किंवा मुंबई-पुण्यात काय, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात एक फ्रेंच नाव भेटते. ते म्हणजे प्वाझय. उच्चाराला अवघड असलेल्या या नावाचा नियम विद्यार्थी पाठ करतात; माणूस मात्र सहसा पुस्तकाबाहेरच राहतो.

झाँ लेओनार मारी प्वाझय यांचा जन्म 22 एप्रिल 1797 रोजी पॅरिसमध्ये एका सुताराच्या घरी झाला. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांना एकोल पॉलिटेक्निक या नामवंत संस्थेत प्रवेश मिळाला. तेथे कोशी, अ‍ॅम्पिअर यांच्यासारखे शिक्षक होते. परंतु नेपोलियनच्या पाडावानंतरचा तो अस्थिर काळ. एप्रिल 1816 मध्ये राजसत्तेने राजकीय कारणास्तव संस्थाच बरखास्त केली आणि विद्यार्थ्यांना घरी पाठविले. प्वाझय वैद्यकाकडे वळले. गणित आणि भौतिकी यांची शिस्त मात्र त्यांनी सोबत नेली, आणि पुढचे सारे काम त्या शिदोरीवर झाले.

1828 मध्ये त्यांनी डॉक्टरकीसाठी प्रबंध सादर केला. विषय होता हृदयाचा जोर. त्यापूर्वी इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या रोहिणीला लांबलचक काचनळी जोडून रक्त किती उंच चढते ते पाहिले होते. ते आठ फुटांहून वर गेले. हे निरीक्षण 1733 मध्ये प्रसिद्ध झाले. एवढी उंच नळी प्रयोगशाळेत हाताळणे कठीणच. प्वाझय यांनी इंग्रजी 'यू'च्या आकाराची नळी घेऊन तिच्यात पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्याने नळी आखूड झाली. रक्त साखळू नये म्हणून जोडनळीत त्यांनी पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण घातले. आज रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगितला जातो, त्या परंपरेच्या मुळाशी हे साधे उपकरण आहे.

या उपकरणाने एक कोडे पुढे आणले. जेमतेम 2 मिलिमीटर व्यासाच्या रोहिणीतही दाब जवळजवळ महारोहिणीइतकाच भरत होता. मग तो खर्ची पडतो कुठे? उत्तर अर्थातच याहून बारीक वाहिन्यांत, केशवाहिन्यांच्या जाळ्यात असणार. प्वाझय यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या केशवाहिन्या न्याहाळल्या. रक्तातील पेशी मधोमध धावतात आणि भिंतीलगत स्वच्छ द्रवाचा जवळजवळ निश्चल थर राहतो, हे त्यांनी टिपले.

रक्तावर थेट प्रयोग करण्याची वाट मात्र बंद होती. शरीराबाहेर आलेले रक्त साखळते, आणि केसासारख्या काचनळीतून ते धड वाहत नाही. तेव्हा रक्ताचा नियम शोधू पाहणाऱ्या या डॉक्टरने रक्त बाजूला ठेवले आणि पाणी घेतले. आयुष्यातला हा त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल. सहकाऱ्यांना तो विचित्रही वाटला असल्यास नवल नाही.

1838 पासून सुरू झालेले हे प्रयोग चिकाटीचा नमुना आहेत. नळ्यांचा व्यास सुमारे 0.6 मिलिमीटरपासून 0.015 मिलिमीटरपर्यंत होता. शेवटची नळी तर माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. काचेची नळी हातभर लांबीत कुठेच अगदी गोल नसते, म्हणून दोन्ही टोके सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, लंबगोलपणाचा हिशेब करायचा. नळी पाण्याच्या टाकीत बुडवून तापमान स्थिर राखायचे, दाबलेल्या हवेने पाणी ढकलायचे आणि ठराविक पाणी निघायला किती वेळ लागतो ते पाहायचे. मग दाब बदलायचा, नळीचा तुकडा तोडून लांबी कमी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

निष्कर्ष थोडक्यात असा. प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो, लांबीच्या प्रमाणात घटतो आणि व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. या चौथ्या घातातच सारी मेख आहे. नळीचा व्यास निम्मा झाला, तर त्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळावा हिस्सा उरतो. व्यास केवळ एक पंचमांशाने घटला तरी प्रवाह 41 टक्क्यांवर येतो. तापमानाचा परिणामही त्यांनी 0 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत मोजला. गोठणबिंदूच्या तुलनेत 45 अंशांचे पाणी त्याच नळीतून जवळजवळ तिप्पट वाहते. उष्णता आणि प्रवाह यांची सांगड अशी त्या कामातच घातली गेली होती.

1840-41 मध्ये हे काम विज्ञान अकादमीपुढे आले. आरागो, बाबिने, पिओबेर आणि रेन्यो यांच्या समितीने ते तपासले, आणखी प्रयोग करवून घेतले आणि संपूर्ण निबंध छापून यायला 1846 उजाडले. योगायोग असा की जर्मन अभियंता गोटहिल्फ हागेन यांनी पितळी नळ्या वापरून असाच नियम 1839 मध्येच प्रसिद्ध केला होता. म्हणून आज दोघांची नावे जोडून घेतली जातात. नियमाची गणिती सिद्धता प्वाझय यांनी दिलेली नाही. ती इतरांनी 1860 च्या सुमारास मांडली.

1842 मध्ये वैद्यक अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. विज्ञान अकादमीचे दार मात्र प्रयत्न करूनही उघडले नाही. भौतिकीवाल्यांना ते डॉक्टर वाटत आणि डॉक्टरांना भौतिकीवाले, असे म्हणायला जागा आहे. 1860 मध्ये ते पॅरिस परिसरातील शाळांच्या आरोग्याचे निरीक्षक झाले. 26 डिसेंबर 1869 रोजी पॅरिसमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांचा नियम सरळ, ताठ नळीतून संथ वाहणाऱ्या पाण्यासाठी आहे. रक्त तसे नाही. ते ठोक्याठोक्याने वाहते, वाहिनीची भिंत लवचीक असते आणि संथ प्रवाहात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून रक्त घट्ट होते. मेदाच्या थराने अरुंद झालेल्या रोहिणीत तर अडथळ्यापलीकडे भोवरे उठतात. त्यात शरीरही स्वस्थ बसत नाही. पुढच्या बारीक वाहिन्या सैल करून ते तूट भरून काढते, आणि म्हणूनच हृदयाची रोहिणी बरीच अरुंद होऊनही बसल्या जागी माणसाला त्रास जाणवत नाही; जिना चढताना जाणवतो. गणितज्ञांनी या एकेका अडचणीसाठी नवी समीकरणे रचली. छपाईच्या शाईसाठी 1959 मध्ये कॅसन यांनी दिलेले सूत्र रक्ताला लागू पडले. रक्त ऊतींना उष्णता कशी पोहोचवते याचे समीकरण हॅरी पेन्स यांनी 1948 मध्ये माणसाच्या हातावरील मोजमापांतून मांडले. अरुंद रोहिणीतील प्रवाह आणि उष्णता यांची आजची संगणकीय प्रारूपे या धाग्यांतून विणली जातात. पण नवे प्रारूप आधी पडताळले जाते ते साध्या सरळ नळीवर, प्वाझय यांच्या उत्तराशी.

द्रवाच्या चिकटपणाच्या एककाला 1913 मध्ये त्यांच्यावरून 'प्वाझ' हे नाव सुचविण्यात आले. 20 अंशांच्या पाण्याचा चिकटपणा या एककाच्या शंभराव्या भागाइतका भरतो. रक्ताचा त्याच्या तीन-चार पट. महामार्गावरच्या अपघातात खूप रक्त गेलेला रुग्ण आला की डॉक्टर सलाइनसाठी जाड आणि आखूड सुई निवडतात, तेही याच हिशेबाने.