मुलांना रडवणारे गुरुजी

नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत पांडुरंग सदाशिव साने यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून एक वाद तिच्या मागे लागला आहे: कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती इतके दुःख द्यावे काय?

नंदनवनातील आमच्या परिचयाचे पालक आजही हा प्रश्न विचारतात. मुलगी तेरा वर्षांची आहे, हळवी आहे, सध्या नको, असे त्यांचे म्हणणे असते. ही काळजी खोटी म्हणता येत नाही. या पुस्तकात कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, घराची अब्रू गावासमोर जाणे आहे आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. त्या वेळी मुलगा तिच्याजवळ नसतो.

यातले बहुतेक गुरुजींनी भोगलेले होते. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे त्यांचा जन्म झाला. घराणे खोतांचे, परंतु वडिलांच्या काळात संपत्तीला ओहोटी लागली. दापोली, औंध, पुणे असे करीत, बहुधा अर्धपोटी, त्यांनी शिक्षण घेतले. १९१७ साली आई यशोदाबाई गेल्या. ती जखम त्यांनी कधी झाकली नाही.

एम.ए. झाल्यावर १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी आली तेव्हा मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरून ठेवीत. रागावण्याचे काम त्यांना जमत नसे. मुलांसाठी हस्तलिखित दैनिक, पुढे 'विद्यार्थी' मासिक त्यांनी चालविले. म्हणजे कुमारवयीन वाचक त्यांना दुरून माहीत नव्हता. त्याच्या खोलीत, त्याच्या आजारपणात, घरून पैसे न आल्याच्या दिवसांत त्यांनी तो पाहिला होता. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली.

त्यांच्या लेखनावर रडकेपणाचा शिक्का मारणारे टीकाकार पुष्कळ झाले. अश्रूंनी मुले दुबळी होतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. आक्षेपात तथ्य अगदीच नाही असे नाही. गुरुजींची लेखणी भिजते तेव्हा थांबायचे विसरते. आईच्या त्यागाचे गोडवे गाताना, तो त्याग तिच्यावर कोणी लादला, हे पुस्तक पुरेसे विचारीत नाही, असेही आजच्या वाचकाला वाटेल. परंतु दारिद्र्याची लाज वाटणाऱ्या मुलाला, ती लाज दुसऱ्या कुणालाही वाटली होती, हे मराठीत इतक्या साधेपणाने त्यापूर्वी फारसे कुणी सांगितले नव्हते. शिवाशिवीचा प्रश्नही त्यांनी मुलांपासून लपविला नाही.

हा हळवा माणूस दुबळा मात्र नव्हता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावरच ते सोडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्या घटनेने ते आतून खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. मुलांना गुरुजींची ओळख करून देताना मोठी माणसे येथे अडखळतात. ज्याने मुलांपुढे मृत्यूविषयी उघडपणे लिहिले, त्याच्या मृत्यूविषयी मात्र आपण त्यांच्याशी दबक्या आवाजात बोलतो.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटाने मिळविले. चित्रपटगृहांतून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांत मुलांहून मोठी माणसेच अधिक होती, असे जुने लोक सांगतात.