बेथेलचे नारायणराव

मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात शेषाद्री हे आडनाव येते ते बहुधा धाकट्या भावामुळे. श्रीपत शेषाद्री या मुलाला 1843 साली न्यायालयाने मिशनऱ्यांकडून काढून आईवडिलांच्या स्वाधीन केले. मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेल्या त्या अल्पवयीन मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी कर्मठांचा रोष पत्करला. थोरला भाऊ नारायण मात्र सज्ञान होता. त्याच वर्षी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन तो ख्रिस्ती झाला. एकाच देशस्थ ब्राह्मण घरातील दोन मुलांच्या वाटा अशा कायमच्या फुटल्या.

नारायणरावांनी घर सोडले, पण पाद्रीपद लगेच हाती आले नाही. डॉ. जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट आणि मरे मिचेल हे त्यांचे गुरू स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतले. आणि त्या परंपरेत केवळ श्रद्धेच्या बळावर कोणी व्यासपीठावर चढत नसे. बायबलचा जुना करार हिब्रूतून, नवा ग्रीकमधून अभ्यासायचा, सिद्धांत आणि चर्चचा इतिहास शिकायचा, परीक्षकांपुढे प्रवचने द्यायची, असा तो क्रम होता. वेदाध्ययनाची परंपरा असलेल्या घरातील मुलाला पाठांतराचे भय नसावे. भाषा तेवढ्या परक्या. त्यातच 1843 मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. मुंबईचे हे मिशनरी नव्या फ्री चर्चमध्ये गेले आणि शाळेसाठी उभारलेल्या इमारतीवर त्यांना पाणी सोडावे लागले. 1854 साली नारायणरावांना दीक्षा मिळाली. बाप्तिस्म्यापासून अकरा वर्षे लोटली होती.

एवढी विद्या घेऊन मुंबई-पुण्यातील सुशिक्षितांशी वादविवाद करण्यात आयुष्य घालवता आले असते. तसे घडले नाही, हाच या चरित्राचा खरा विशेष म्हणावा लागेल. 1860 च्या दशकात ते निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे साठ किलोमीटरवरील हे गाव 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीमुळे तेथे इंग्रजांची वस्ती असे. नारायणरावांचे ऐकणारे मात्र प्रामुख्याने गावकुसाबाहेरचे निघाले, त्यातही मांग समाजाचे.

धर्म बदलला तरी गाव बदलत नव्हते. बलुत्यावर जगणाऱ्याने गावकीची कामे नाकारली की पोटाचा प्रश्न उभा राहणारच. म्हणून प्रार्थनेइतकीच जमिनीची निकड होती. सर सालारजंग दिवाण असताना निजाम सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तेथे ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसले. नारायणरावांनी त्याचे नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. मुंबईत शिकलेली हिब्रू अशी मराठवाड्याच्या काळ्या मातीत उतरली.

1873 साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला ते गेले, तेव्हा युरोप-अमेरिकेतील धर्मपंडितांच्या मेळ्यात त्यांचे पांढरे पागोटे उठून दिसत होते. त्यांनी ते ख्रिस्ती झाल्यावरही सोडले नव्हते. परदेशी मिळवलेल्या सहानुभूतीचा उपयोग त्यांनी जालन्याच्या कामासाठीच केला. 1891 साली त्यांचे निधन झाले.