रेडिओवरची सिनेमाची गाणी गायब झाली ती एका पुणेकर मंत्र्यामुळे

आज गाणं ऐकायचं म्हटलं की मोबाईल काढायचा आणि सर्च करायचं. पण एक काळ असा होता की स्वतंत्र भारताच्या सरकारी रेडिओवर हिंदी सिनेमाचं गाणं शोधूनही सापडायचं नाही.

हे ज्यांच्यामुळे झालं ते होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

केसकरांचा जन्म १९०३ चा, पुण्यातला. काशी विद्यापीठात शिकले, पुढे पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवली. स्वातंत्र्य चळवळीत उतरले, काँग्रेसचे सरचिटणीस झाले. १९४८ मध्ये परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले. माणूस मराठी, पण लोकसभेवर निवडून गेले ते उत्तर प्रदेशातून. १९५२ साली पंडित नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खातं सोपवलं आणि पुढची दहा वर्षं ते त्यांच्याकडेच राहिलं.

केसकर स्वतः ध्रुपद शिकलेले. त्यांच्या मते संस्थानं गेल्यावर गवयांचा आधार सुटला होता आणि त्यांना सांभाळणं आता आकाशवाणीचं काम होतं. इथपर्यंत ठीक होतं. पण सिनेमाची गाणी त्यांना थिल्लर आणि पाश्चात्त्य सुरांची नक्कल वाटायची.

मग त्यांनी कात्री काढली.

आधी सिनेगीतांचा वाटा कार्यक्रमांच्या वेळेच्या १० टक्क्यांवर आणला. गाणी निवडून, तपासूनच लावायची ठरली. त्यातही सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते. निर्माते भडकले. त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली आणि बघता बघता आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास गायब झालं.

आता लोक गप्प बसणार होते का? त्यांनी रेडिओचा काटा फिरवला.

शेजारच्या रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धातले ताकदवान ट्रान्समीटर होते. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब उतरतात. त्यामुळे कोलंबोचं गाणं मुंबईपासून थेट देवगड तालुक्यातल्या मिठबावपर्यंत, जिथे म्हणून रेडिओ असेल तिथे लागायचं. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून भारतातल्या घराघरात वाजायची. पत्रांचे ढीग पडायला लागले. गाणी भारतातली, ऐकणारे भारतातले आणि जाहिरातींचा पैसा मात्र सिलोनला.

पण केसकर म्हणजे फक्त बंदी, असं म्हणणंही अर्धवट ठरेल.

१९५२ मध्येच त्यांनी शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनं भरायला लागली. पंडित रविशंकर यांच्याकडे वाद्यवृंद दिला. तिकीट काढून मैफलीला जाणं ज्यांना शक्य नव्हतं, त्यांच्या घरात मोठमोठे गवई पोहोचले. सिनेगीतांना पर्याय म्हणून सुगम संगीताला बळ दिलं. त्याच काळात, १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक अशी ५६ गाणी. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसायचे.

दुसरी बाजूही होती. नामवंत गायक-वादकांनाही ऑडिशनची परीक्षा सक्तीची केली, त्यावरून मोठा वाद झाला. पेटीवर आधीपासून असलेली बंदी त्यांच्या काळातही उठली नाही, ती सैल झाली १९७१ मध्ये. शिवाय हिंदुस्थानी संगीताची घसरण मुसलमान राजवटींमुळे झाली, हे त्यांचं मत ज्या उस्तादांनी ते संगीत जपलं त्यांच्यावर अन्याय करणारं होतं.

शेवटी सरकारलाच माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी सन्मानानं परत आली. गंमत म्हणजे तेव्हाही मंत्री केसकरच होते. १९६७ पासून विविध भारतीवर जाहिरातीही आल्या.

१९६२ ची निवडणूक केसकर हरले आणि मंत्रिपद गेलं. पुढे त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टचं अध्यक्षपद सांभाळलं. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यानंतर एएम रेडिओचीच घसरण सुरू झाली. आधी टीव्ही आला, मग कॅसेट, मग खरखर नसलेला एफएम. विविध भारतीही हळूहळू एफएमवर गेली. रात्रभर चालणारी, नागपूरहून देशभर पोहोचणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी २०१९ मध्ये बंद झाली. एफएमचा आवाज स्वच्छ, पण पल्ला कमी. डोंगर आडवा आला की संपला. कोकणासारख्या भागात म्हणूनच मीडियमवेव्हचं मोल जास्त होतं. एकच केंद्र खाडी, डोंगर, समुद्र ओलांडून दूरवर जायचं.

केसकरांना लोकांची आवड घडवायची होती. त्यांनी शास्त्रीय संगीताला श्रोते मिळवून दिले हे खरं. पण लोकांनी काय ऐकायचं हे दिल्लीत ठरवता येतं, हा त्यांचा समज रेडिओच्या एका बटणानं खोटा ठरवला.