शापित हिऱ्याची मालकीण

आपल्या महाबळेश्वरीं उगम पावणारी कृष्णा नदी पुढें तेलुगु मुलखांत जाते. तेथें तिच्या कांठीं कोल्लूर येथें पूर्वीं हिऱ्यांच्या खाणी होत्या. त्याच खाणींतला मानलेला एक निळा हिरा सतराव्या शतकांत टॅव्हर्निये नामक व्यापाऱ्यानें फ्रान्सच्या राजाला विकला. पुढें तो चोरीस गेला, नव्यानें घडविला गेला, आणि 'होप' हिरा ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. १९११ सालीं तो अमेरिकेंतील ज्या बाईंकडे आला, त्या एव्हलिन वॉल्श मॅक्लीन यांचें हें चरित्र होय.

बाईंचा जन्म १८८६ सालचा. वडील थॉमस वॉल्श हे आयर्लंडांतून आलेले सुतार. कोलोराडोच्या डोंगरांत १८९६ सालीं त्यांना सोन्याची खाण सांपडली, आणि सुताराची लेक वॉशिंग्टनच्या वाड्यांत राहूं लागली. १९०५ सालीं मोटारीच्या अपघातांत तिचा एकुलता भाऊ व्हिन्सन दगावला, व ती स्वतः जबर जखमी झाली. १९०८ सालीं 'वॉशिंग्टन पोस्ट' पत्राच्या मालकांचा मुलगा नेड मॅक्लीन याच्याशीं तिचा विवाह झाला. बाईंच्या मेजवान्या राजधानींत गाजल्या.

हा हिरा त्यांनीं १,८०,००० डॉलरांस घेतला. तो शापित आहे ही कथा विकणाऱ्यानेंच रंगवून सांगितली होती. बाई तो गळ्यांत घालून सर्वत्र मिरवीत.

मामाचें नांव ठेवलेला थोरला मुलगा व्हिन्सन याला कोणी पळवूं नये म्हणून पहारेकरी ठेवले होते. तरी १९१९ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, तो घरासमोरच मोटारीखालीं सांपडून मेला. पतीच्या व्यसनानें संसार मोडला. १९३३ सालीं वर्तमानपत्र लिलावांत गेलें. १९४१ सालीं पति वेड्यांच्या इस्पितळांत वारले. १९४६ सालीं तरुण मुलगी झोंपेच्या गोळ्यांनीं गेली.

लोक म्हणत, हें सर्व हिऱ्यानें केलें. पण वाचकहो, भाऊ गेला तेव्हां हिरा घरांत कोठें होता? पतीची दारू तर लग्नापूर्वींचीच! घरीं दुःख आलें म्हणजे आपणही कधीं खड्याला, तर कधीं नव्या सुनेच्या पायगुणाला दोष देतों, आणि दारूची बाटली मात्र निर्दोष सुटते.

बाईंची एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९३२ सालीं, पहिल्या महायुद्धांत लढलेले हजारों शिपाई, कबूल झालेली रक्कम लवकर मिळावी म्हणून वॉशिंग्टनास जमले. ते उपाशी आहेत असें पाहून बाई रात्रीं स्वतः खाणावळींत गेल्या, आणि एक हजार सँडविचांची मागणी देऊन त्यांनीं त्यांना खाऊं घातलें. त्याच वर्षीं विमानवीर लिंडबर्ग यांचें पळविलेलें बाळ परत मिळवावें म्हणून त्यांनीं एका भामट्याच्या हातीं एक लाख डॉलर दिले. पैसे गेले, बाळ मिळालें नाहीं. परंतु पुत्रशोक भोगलेल्या आईचें मन त्यांत दिसून आलें.

२६ एप्रिल १९४७ रोजीं बाई निवर्तल्या. कर्ज फेडण्यास दागिने विकावे लागले. १९५८ सालीं तो हिरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयास मिळाला. तेथें तो कांचेआड चमकत असतो. कोणाचें बरें करीत नाहीं कीं वाईट करीत नाहीं. त्या रात्रीचे हजार घांस मात्र भुकेल्यांच्या पोटीं पडले.