विश्लेषण : सायकलपटूचा ‘दम’ किती, हे कसे मोजतात? शंभर वर्षांपूर्वी ए. व्ही. हिल यांनी काय शोधले?

चढ लागला की सायकलच्या हँडलवरील पडद्यावर आकडा झळकतो, २५० वॅट. कोणी तो मिनिटभर टिकवतो, कोणी तासभर. हा फरक आधीच ओळखता येतो का? या प्रश्नाच्या मुळाशी एक ब्रिटिश शास्त्रज्ञ आहे.

हिल कोण होते?

आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल यांचा जन्म १८८६ मध्ये ब्रिस्टल येथे झाला. केंब्रिजमध्ये ते गणित शिकले, पण पुढे शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. बेडकाचा स्नायू आकुंचन पावताना किती उष्णता निर्माण होते, हे त्यांनी अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजले. या कामासाठी त्यांना १९२२ चे नोबेल मिळाले. ते जर्मनीच्या ओटो मायरहॉफ यांच्याबरोबर विभागून होते. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडावे लागलेल्या शास्त्रज्ञांना आधार देण्यात ते पुढे होते. १९४३-४४ मध्ये भारतातील वैज्ञानिक संशोधनाबाबत सल्ला देण्यासाठी ते इथेही आले होते.

सायकलशी संबंध कसा आला?

हिल स्वतः धावपटू होते. पाठीवर हवेची पिशवी बांधून ते मैदानात धावत आणि उच्छ्वासातील वायूंवरून ऑक्सिजनचा वापर मोजत. १९२५ मध्ये त्यांनी वेगळी युक्ती केली. क्रीडाविक्रम म्हणजे जीव तोडून केलेले आणि घड्याळ लावून मोजलेले प्रयोगच, असे त्यांनी मानले. धावणे, पोहणे, सायकल अशा प्रकारांतील विक्रमांचे वेग त्यांनी वेळेसमोर आलेखावर मांडले. वेळ वाढते तसा वेग आधी झपाट्याने उतरतो आणि मग रेषा जवळपास सपाट होते.

अंदाज कसा काढतात?

हाच धागा पकडून १९६५ मध्ये मोनो आणि शेरर या फ्रेंच संशोधकांनी ‘क्रिटिकल पॉवर’ची कल्पना मांडली. उदाहरण घेऊ. एखादा सायकलपटू पूर्ण ताकदीने ३ मिनिटे सरासरी ३०० वॅट देतो, म्हणजे ५४,००० ज्यूल. दुसऱ्या दिवशी १२ मिनिटे २२५ वॅट, म्हणजे १,६२,००० ज्यूल. फरक १,०८,००० ज्यूलचा. त्याला वेळेतील फरकाने, ५४० सेकंदांनी भागले की २०० वॅट येतात. ही त्याची दीर्घकाळ टिकणारी ताकद. उरलेले १८,००० ज्यूल ही राखीव शिल्लक. २०० च्या वर गेले की ती खर्च होते आणि संपली की वेग कमी करावाच लागतो. सोपा पर्याय म्हणजे २० मिनिटांच्या चाचणीतील सरासरीचे ९५ टक्के घेणे.

नवशिके आणि अव्वल यांत फरक कुठे?

आलेखाचा आकार दोघांचाही तसाच असतो. नवशिक्याचा खाली, अव्वल खेळाडूचा वर. चढावर वजनही मोजावे लागते. ६० किलोच्या आणि ८० किलोच्या व्यक्तीने २०० वॅट दिले, तर पहिलीच्या वाट्याला किलोमागे ३.३ वॅट येतात, दुसरीच्या २.५. म्हणून चढावर पहिली पुढे जाते.

हिल कुठे चुकले?

लॅक्टिक आम्लामुळे स्नायू आकुंचन पावतो, असे ते मानत. ते आम्ल तयार न होताही स्नायू काम करतो, हे १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी दाखवले. हिल यांनी १९३२ मध्ये लेख लिहून हा बदल मान्य केला. त्यांचा आलेख मात्र टिकला, कारण तो तर्कावर नव्हे, मोजलेल्या वेळेवर उभा होता. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मर्यादा काय?

काही सेकंदांच्या झेपेला किंवा दिवसभराच्या प्रवासाला हे गणित लागू पडत नाही. ऊन, झोप, थकवा यांनीही आकडा बदलतो. त्यामुळे चाचणी ताजेतवाने असतानाच करावी, सरावानंतर पुन्हा करावी. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. पडद्यावरचा आकडा आजचा अंदाज सांगतो. सरावाने तो बदलता येतो.